गाणे नसलेला माणूस

पश्चिम वसईत ट्रम्पेट वाजला की लोक गॅलरीत येतात ते वरात बघायला. नंदाखाल, निर्मळ, पापडी, सांडोर या पट्ट्यातल्या ख्रिस्ती लग्नांत ब्रास बँड हवाच. बँडवाले एखादे जुने हिंदी गाणे धरतात, म्हाताऱ्या बायकासुद्धा दोन पावले टाकतात आणि पुढच्या गल्लीपर्यंत सगळ्यांना कळते की अमक्याकडे लग्न आहे. हाच ट्रम्पेट सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटात वाजला की समजावे, कॅमेरा स्मगलरच्या अड्ड्यावर पोहोचला. लुकलुकते लाल-हिरवे दिवे, फिरती खुर्ची, हातात ग्लास, शेजारी कुणी मोना नाहीतर लिली आणि खुर्चीत बसलेला रॉबर्ट किंवा मायकल. वसईत ज्या नावाचे लोक पानवेली लावत, शाळेत शिकवत आणि रविवारी मिस्साला जात, त्याच नावाचे लोक पडद्यावर सोन्याची बिस्किटे मोजत असत. वसईच्या प्रेक्षकाने हे हसून सोडून दिले. पण एका वाद्याला दोन ठिकाणी दोन चारित्र्ये कशी चिकटली, हा प्रश्न उरतोच, आणि खलनायकाच्या संगीताचा आढावा तिथूनच घ्यावा असे मला वाटते.

गंमत अशी की हा ट्रम्पेट आधी नायकाकडे होता. १९५१ च्या 'अलबेला'त पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, तो भगवानदादांच्या पायांत भरला. त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली ही मंडळी मुंबईत हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवत आणि दिवसा स्टुडिओत येत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची बांधणी वर्षानुवर्षे केली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने 'बिहाइंड द कर्टन' या २००८ च्या पुस्तकात अशा वादकांच्या मुलाखती गोळा केल्या आहेत. जॅझ, सॅक्सोफोन, बाँगो हे सगळे पन्नासच्या दशकात मौजेचे आवाज होते. पुढे चित्रपटातला क्लब हा पापाचा अड्डा ठरला, तसे तेच आवाज अड्ड्याचे झाले. वाजवणारे हात तेच राहिले, ऐकणाऱ्याची नजर बदलली. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलाल यांनी गुरूचे नाव नायकाच्या तोंडी दिले ही कृतज्ञता खरी, पण त्या चित्रपटातल्या खलनायकाचे नाव रॉबर्टच आहे.

तेव्हा पहिली शंका अशी: खलनायकाचे म्हणून जे संगीत आपण ऐकतो ते खरोखर त्याचे असते, की त्याला घाबरणाऱ्यांचे?

स्वरांकडे जावे तर स्वर निर्दोष सुटतात. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 'जॉज'मध्ये (१९७५) शार्क दिसण्याआधी जॉन विल्यम्सचे दोन स्वर येतात. शेजारचे दोन स्वर, अर्ध्या स्वराचे अंतर. म्हणजे आपल्या भाषेत षड्ज आणि कोमल रिषभ. भैरवात हाच कोमल रिषभ आंदोलन घेत येतो तेव्हा आपल्याला पहाट आठवते, देवघर आठवते. समुद्रात पाय सोडायची भीती वाटत नाही. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या अंतराला युरोपात संगीतातला सैतान म्हणत. आपल्याकडे क्लासला गेलेल्या मुलाला पहिला राग बहुधा यमन शिकवतात, आणि त्यात तो तीव्र मध्यम पहिल्या आठवड्यापासून असतो. अरबी संगीतातल्या हिजाझचे खालचे चार स्वर घ्या: सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म. पुन्हा आपला भैरवच. पण ऐतिहासिक चित्रपटात सुलतानाच्या तंबूचा पडदा उघडतो, ऊदसारखे एखादे तंतुवाद्य हेच चार स्वर घेते आणि प्रेक्षकाला सांगितले जाते की हा परका, हा क्रूर. सकाळी रेडिओवर भैरव ऐकून दुपारी थिएटरात गेलेल्या माणसाला त्यात आपले काही आहे असा संशयही येत नाही.

मग भीती कशातून येते? पट्टीतून, लयीतून, आणि समेवर न येण्यातून. 'जॉज'चे स्वर खर्जात आहेत, पुन्हा पुन्हा येतात, लय वाढत जाते आणि मोकळे करणारी सम काही येत नाही. बर्नार्ड हरमनने 'सायको'त (१९६०) उलट केले. फक्त तंतुवाद्ये घेतली आणि न्हाणीघरातल्या खुनाला व्हायोलिने इतक्या वरच्या पट्टीत चिरकवली की कान मिटावेसे वाटतात. हिचकॉकला तो प्रसंग बिनसंगीताचा हवा होता. हरमनचे काम ऐकून त्याने मत बदलले. एक खाली गेला, दुसरा वर, आणि दोघांनी मधली जागा टाळली. त्या मधल्या पट्टीत माणूस बोलतो, आई हाक मारते, नायक गातो. खलनायकाच्या वाट्याला दोन्ही टोके येतात, मधला माणसाचा आवाज येत नाही.

आपल्या चित्रपटांच्या बाबतीत तर हे अक्षरशः खरे आहे, कारण आपल्याकडे पात्राचे अंतःकरण पार्श्वगायक सांगतो. रफी, लता, किशोर यांचा आवाज मिळाला की पात्राला मन आहे हे सिद्ध होते. खलनायकाला रफींचा आवाज दिला तर प्रेक्षक त्याला माफ करून मोकळा होईल, ही भीती निर्मात्यांना असावी. म्हणून तो सहसा गात नाही. गाणे त्याच्यासमोर होते, त्याच्यासाठी होते, त्याच्या अड्ड्यावर होते. तो फक्त ऐकतो. हिंदी-मराठी खलनायकाचे सगळ्यात दुर्लक्षित लक्षण हेच आहे: तो श्रोता आहे.

'शोले'तला (१९७५) गब्बर बघा. 'मेहबूबा'च्या वेळी जलाल आगा पडद्यावर गातो, हेलन नाचते, राहुलदेव बर्मन बाटल्यांत फुंकर घालून ठेका मिळवतात, आवाजही स्वतःचाच देतात, आणि गब्बर खडकावर लोळून बघत राहतो. त्याचे स्वतःचे संगीत वेगळे. त्याच्या पहिल्या प्रवेशात आधी संगीत नाहीच: दगडावर बुटांचा आवाज, हातात लोंबणारा काडतुसांचा पट्टा खडकावर घासत जाण्याचा आवाज. चेहरा उशिरा दिसतो. म्हणजे हा माणूस घाई करत नाही, समोरच्यांना घाम फुटेपर्यंत थांबणे त्याला आवडते, हे अमजद खान तोंड उघडायच्या आतच कळलेले असते. नंतर एक खर्जातला, ओरखडा काढल्यासारखा सूर येतो. त्याच्या संदर्भात बासू चक्रवर्तींच्या चेलोचे नाव नेहमी घेतले जाते. त्याला चाल म्हणता येणार नाही. गुणगुणायला गेलात तर जमत नाही, आणि माझ्या मते तिथेच बर्मन यांची अक्कल दिसते. जय आणि वीरूच्या दोस्तीला शीळ घालता येईल अशी धून आहे. गब्बरला शीळ घालता येत नाही.

ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येत ते आणखी पुढे जातात. अंगणातला झोपाळा. गोळ्या सुटतात, माणसे पडतात, आणि कड्यांची कुरकुर चालूच राहते. गब्बर घोड्यावरून येतो, लहान पोराकडे बघतो, तेव्हा सोबतीला एवढाच आवाज उरतो. इथे व्हायोलिने घातली असती तर प्रेक्षकाला रडायला आधार मिळाला असता. पुढे पॉलिडॉरने 'शोले'च्या संवादांची तबकडी काढली आणि गणपतीच्या मांडवांतून ती गाण्यांसारखी वाजली. गाणे नसलेल्या माणसाचे बोलणेच गाणे होऊन बसले.

मराठीत हा श्रोता लोडाला टेकून बसतो. तमाशापटातला पाटील बैठकीच्या लावणीला दाद कशी देतो, नोट कधी फेकतो, पायावर पाय टाकून ढोलकीचा ठेका पायाच्या अंगठ्याने धरतो की धरत नाही, यातून त्याची सगळी कुंडली मांडता येते. निळू फुल्यांनी १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णापासून ही कला कमावली. फुले लक्षात राहिले, कारण त्यांचे वाद्य घशात होते. शब्द ओढायचा, वाक्याच्या मध्येच थांबायचे, आणि थांबलेल्या जागी समोरच्याची मान खाली जाईल एवढा वेळ द्यायचा. नकलाकारांनी त्यांना 'वाड्यावर' बोलावण्याच्या एका वाक्यात कोंडून टाकले, हा मराठी विनोदाने केलेला अन्याय आहे. जब्बार पटेलांच्या 'सामना'त (१९७५) हिंदुराव धोंडे-पाटील आवाज चढवत नाहीत, कारण साखर कारखान्याच्या मालकाला आवाज चढवायची गरज नसते. संगीत भास्कर चंदावरकरांचे. आरती प्रभूंचे गीत रवींद्र साठ्यांच्या आवाजात येते, पण ते हिंदुरावांना मिळत नाही. हिंदुरावांना कुणी गाणे द्यायचे नाही हा नियम इथेही पाळला आहे, फक्त इथे तो शहाणपणाने पाळला आहे: सत्ता बोलते, गाणे तिच्या वाट्याला न आलेल्यांचे असते.

चंदावरकरांनी त्याच्या तीन वर्षे आधी रंगभूमीवर जे केले ते मात्र मला जास्त धाडसाचे वाटते. 'घाशीराम कोतवाल'मध्ये (१९७२) नाना फडणवीसाची लंपट सत्ता आणि घाशीरामाचा क्रूरपणा यांना त्यांनी कुठलाही भीतीदायक सूर लावला नाही. बारा माणसांची भिंत डोलत राहते. कीर्तन, अभंग, लावणी एकमेकांत मिसळतात, आणि आपली मान आपोआप तालावर हलते. मान हलवताना आपण कशाला साथ देतो आहोत हे लक्षात आले की ओशाळायला होते. दुष्टाला परके वाद्य द्यायचे की आपल्याच मृदंगावर नाचवायचे, यातला दुसरा पर्याय हिंदी चित्रपटाने क्वचित घेतला.

याच्याही मागे जायचे तर आपल्या पालघर जिल्ह्यातच जावे लागते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. रात्रभर मुखवट्यांची सोंगे निघतात, देव निघतात, राक्षस निघतात. सांबळ आणि पिपाणी. सोंग वळणावरून दिसण्याआधी वाद्य ऐकू येते, आणि पोरे आईच्या मागे लपतात ती वाद्य ऐकूनच. पण शेवटी राक्षस आणि देवी दोघेही त्याच सांबळावर नाचतात. बदलते ती चाल, पावलांची वजने, वळण्याची ढब. राक्षसाला वेगळे वाद्य आणून द्यावे असे तिथे कुणाला सुचले नाही, कारण मुखवट्याखाली आपल्याच पाड्यावरचा माणूस आहे हे सगळ्यांना ठाऊक असते.

बोलपट आला तेव्हा ही समज काही काळ शिल्लक होती. प्रभातच्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) सालोमालो हा खलनायक चक्क गातो, आणि गातो ते तुकारामाचेच शब्द. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम बसल्या जागी, स्वतःशीच गातो. सरळ चाल, श्वासाच्या लांबीच्या ओळी, भजनाच्या फडावर कुणालाही उचलता येतील अशा. सालोमालो तेच शब्द चोरून देवळात सादर करतो तेव्हा त्यांवर नाटकी हरकती चढतात, मुरक्या येतात, हातवारे येतात, आणि एका डोळ्याने तो श्रोत्यांकडे बघत असतो. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांना त्याचा ढोंगीपणा सांगायला एकही संवाद लिहावा लागला नसता. संगीतकार केशवराव भोळे. भोळ्यांनी तीन वर्षे आधी 'आंधळ्यांची शाळा'त रंगभूमीवर छोटी, भावानुसारी गाणी आणली होती. तासन्‌तास चालणाऱ्या तानबाजीचा त्यांना कंटाळा होता. सालोमालोच्या गळ्यात त्यांनी जुन्या नाटकाची ती सगळी सजावट घातली असावी, आणि त्या निमित्ताने एका गायकीचीच थट्टा करून घेतली असावी, असा माझा कयास. खलनायकाचे व्यक्तिमत्त्व दाखवायला संगीतकाराने नवा सूर शोधला नाही. तोच सूर खोटा करून दाखवला. नव्वद वर्षे होत आली, याहून नेमकी युक्ती मला सापडलेली नाही.

गाणारा, वाजवणारा, निदान शीळ घालणारा खलनायक पुढे मधूनमधून भेटत राहिला आणि जिथे भेटला तिथे लक्षात राहिला. फ्रिट्झ लँगच्या 'एम'मधला (१९३१) बालहत्यारा ग्रीगची एक धून शिटीवर वाजवतो, आणि फुगे विकणारा आंधळा त्याला त्या शिटीवरून ओळखतो. विधू विनोद चोप्रांच्या 'परिंदा'त (१९८९) नाना पाटेकरांच्या अण्णाच्या पदरी बासरी वाजवणारा मारेकरी आहे. सुरेश ओबेरॉय ती बासरी ओठांना लावतात तेव्हा ती कृष्णाची राहात नाही, आणि तरी तिचा गोडवाही जात नाही. ते अस्वस्थ करणारे आहे. 'कर्ज'मध्ये (१९८०) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी बाजी उलटवली. गोरख शर्मांच्या गिटारवरची ती धून मेलेल्याची आहे, आणि घाबरते ती खून करणारी कामिनी. खलनायिकेचे व्यक्तिमत्त्व, म्हणजे तिचा पुरलेला अपराध, तिच्या संगीतातून कळत नाही. दुसऱ्याच्या संगीतावर तिचा चेहरा कसा पडतो त्यातून कळते. सिमी गरेवाल यांना त्या धुनेच्या वेळी फारसे काही करावे लागत नाही.

'डर'मध्ये (१९९३) तर संगीतकाराने प्रेक्षकालाच फसवले. नायिका प्रेमगीत ऐकते आणि आपला प्रियकर गातो आहे असे समजून हरखते. गाणारा निघतो पाठलाग करणारा राहुल. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांची चाल, उदित नारायण यांचा कोवळा आवाज. त्यात एकही स्वर वाकडा नाही. पार्श्वगायकाचा गोड आवाज म्हणजे निष्पाप मन, ही जी सवय आपल्याला चाळीस वर्षे लावली होती, तिचाच इथे गैरफायदा घेतला आहे. ते गाणे लोकांनी प्रेमगीत म्हणूनच डोक्यावर घेतले. एकतर्फी प्रेमाच्या नावाखाली आपल्या समाजात मुलींच्या मागे काय काय लागते हे आठवले की त्या लोकप्रियतेचा आनंद थोडा उणावतो.

बाकी ऐंशीच्या दशकातल्या शाकाल-मोगँबो छापाच्या खलनायकांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. त्यांचे संगीत हे त्यांच्या यंत्रांचे संगीत होते: बटणे, दरवाजे, सिंथेसायझर. व्यक्तिमत्त्व नावाची गोष्ट मोगँबो झालेल्या अमरीश पुरींच्या डोळ्यांत होती, वाद्यमेळात नव्हती. मराठीत तात्या विंचू ('झपाटलेला', १९९३) हा खरा लोकप्रिय खलनायक. रामदास पाध्यांचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा आवाज, आणि एक मंत्र. आमच्या पिढीच्या लहान भावंडांनी तो मंत्र पाढ्यांसारखा पाठ केला. त्यापुढे संगीताला फारसा वाव नव्हता.

मग काही प्रसंग असे की तिथे संगीतकाराने हात मागे घेतला. 'सैराट'साठी (२०१६) अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केले. एवढा वाद्यवृंद हाताशी असताना नागराज मंजुळेंनी शेवटच्या प्रसंगात तो वापरला नाही. आर्चीच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा होतो. सावध करणारा एकही खर्जातला सूर नाही. संगीत नसल्यामुळे प्रेक्षक गाफील राहतो, आर्ची-परशा राहिले तसाच. कोएन बंधूंच्या 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'मध्येही (२००७) मारेकऱ्याभोवती संगीत जवळजवळ नाही, पण तिथे तो एक विलक्षण माणूस आहे म्हणून. 'सैराट'मधला मारेकरी विलक्षण नाही. भाऊ आहे, मामा-काकांच्या जातकुळीचा. त्याला धून दिली असती तर दोष त्या एकट्याचा ठरला असता आणि प्रेक्षक मोकळ्या मनाने घरी गेला असता.

मालिकांना असा संयम परवडत नाही. नायगाव पूर्वेच्या बाजूला मालिकांचे सेट उभे आहेत. तिथल्या दिवाणखान्यांत रोज कुणी ना कुणी कारस्थान रचते, आणि रोजचा भाग रोज द्यायचा असल्याने संगीत बहुधा तयार साठ्यातून येते. एक दणका, तीन वेळा चेहरा जवळ. या कारखान्यातून एकच अस्सल गोष्ट निघाली असे मी म्हणेन: २००१ मध्ये सुरू झालेल्या 'कसौटी जिंदगी की'मधली कोमोलिका. उर्वशी ढोलकियांच्या प्रत्येक प्रवेशाला बाईच्या आवाजात एक लाडिक हाक येई. ती ऐकून स्वयंपाकघरातली बाई हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर येई. ही धून कोमोलिकेला घाबरणाऱ्यांची नव्हती, आरशात बघणाऱ्या कोमोलिकेची होती. स्वतःवर खूश असलेली बाई पडद्यावर आली आणि तिला स्वतःचे संगीत मिळाले, मग ती खलनायिका का असेना.

आता ऐकण्याचे साधनच बदलले आहे. हल्लीच्या चित्रपटांत खलनायक थिएटरच्या जमिनीतून येतो. खुर्ची थरथरते असा तो खर्ज असतो. तोच चित्रपट विरार लोकलमध्ये मोबाइलवर बघणाऱ्याकडे जा. मोबाइलचा चिमुकला स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुकाच असतो. इअरफोन लावला तरी बाहेर गाडीच्या चाकांचा खर्ज खलनायकाच्या खर्जावर मात करतो. चाळीस-पन्नास हर्ट्झवर उभारलेला राक्षस बोरिवलीच्या पुढे टिकत नाही. चेलोचा ओरखडा, झोपाळ्याची कुरकुर, कोमोलिकेची हाक हे मात्र त्या स्पीकरमधूनही स्वच्छ ऐकू येते. मोठ्या आवाजावर विसंबलेल्या आजच्या संगीतकारांनी याचा विचार करायला हरकत नाही.

'ॲनिमल'च्या (२०२३) संगीतकाराने, हर्षवर्धन रामेश्वर यांनी, दुसरी वाट धरली. बॉबी देओलचा अबरार बोलू शकत नाही. त्याच्या प्रवेशाला इराणी चालीवरचे लग्नाचे गाणे आहे, 'जमाल कुडू', आणि तो डोक्यावर ग्लास ठेवून नाचतो. मुक्या माणसाला गाणे देणे ही कल्पना कागदावर फार चांगली आहे: ज्याला आवाज नाही त्याचा उन्माद लग्नघराच्या कोरसमधून यावा. पण तो कोण आहे, त्याला काय दुखते आहे, यातले काही त्या गाण्यात नाही. आहे तो परकेपणाचा जुनाच शिक्का, फक्त या वेळी नाचता येईल असा. म्हणूनच गाणे पात्रापासून इतक्या सहज सुटले. रीलवर ग्लास डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या कित्येकांना अबरार हे नाव ऐकूनही माहीत नसेल.

खलनायकाला पुरे गाणे दिले, आणि ते त्याच्यापासून सोडवता येत नाही, असे उदाहरण मराठीतच आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. पंडितजींचे राजगायकपद हिरावून घेणारा, त्यांच्या शिष्याला विद्या नाकारणारा हा माणूस कथेच्या हिशेबात खलनायक. पण लोक तिकीट काढत ते त्याला ऐकायला. वसंतरावांची तान कुठे वळेल याचा अंदाज लागत नसे. ती झेप घेई, अडे, उलटी फिरे, समेला शेवटच्या क्षणी गाठे. हा माणूस हरायला तयार नाही, वाट बघायला तयार नाही, हे त्या तानेतच होते. पंडितजींच्या शांत, सावकाश उलगडणाऱ्या गाण्यासमोर ते ठेवले की दोन घराण्यांचा नव्हे, दोन स्वभावांचा झगडा ऐकू येई.

सुबोध भावे यांच्या २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेब सचिन पिळगावकर झाले आणि त्यांना आवाज वसंतरावांच्या नातवाने, राहुल देशपांडे यांनी दिला. पंडितजी म्हणजे शंकर महादेवन, स्वतःच्याच आवाजात. पंडितजींचा शिष्य सदाशिव याच्यासाठी महेश काळे. नव्या रचना शंकर-एहसान-लॉय यांच्या. पार्श्वसंगीताचा मोह चित्रपटाला आवरला नाही, काही ठिकाणी वाद्यमेळ उगाच दाटतो, हे खरे. पण दोन गोष्टी नाटकाहून उघड झाल्या. पहिली म्हणजे इथला मोठा गुन्हा आवाजावर केलेला आहे: खाँसाहेबांच्या बायकोने पंडितजींना शेंदूर चारून त्यांचा गळा बसवला. ज्या चित्रपटसृष्टीत खलनायकाला गळा देत नाहीत तिथल्या एका चित्रपटात खलनायकीची व्याख्याच दुसऱ्याचा गळा घेणे ही झाली. दुसरी गोष्ट खाँसाहेबांच्या गाण्यात ऐकू येते. जिंकण्याआधीचे त्यांचे गाणे भुकेले आहे. राजगायक झाल्यावरचे तितकेच तयारीचे, पण त्यात समोर कुणीतरी असल्याची ऊब नाही. प्रतिस्पर्धी मुका झाला तशी त्यांची तान कुणावर चालून जायची तेच कळेनासे झाले. राहुल देशपांडे यांनी हा फरक आवाज न बदलता, फक्त विसाव्याच्या जागा कमी करून दाखवला आहे असे मला दर वेळी ऐकताना वाटते.